साठ-सत्तर हजारांत गेमिंग लॅपटॉप : पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोन्हींवर ‘आरटीएक्स ४०५०’ या ग्राफिक्स कार्डाचं तेच स्टिकर, दोन्हींत १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. एक पाच-सात हजारांनी स्वस्त. साहजिकच स्वस्तातला घरी येतो, आणि महिन्याभरात कळतं की मित्राच्या लॅपटॉपवर तोच गेम जास्त सुरळीत चालतो, रंगही जास्त खुलून दिसतात. स्टिकर खोटं नसतं, फक्त अपुरं असतं. स्वस्त लॅपटॉपमधल्या कार्डाला ४५ वॅट मिळत असतात, मित्राच्या कार्डाला १००च्या आसपास. स्क्रीन फिकी असते. १६ जीबी रॅम एकाच स्टिकवर असते.

बजेट मोजकं असेल तर प्रत्येक भागाबद्दल एकच प्रश्न विचारत पुढे जावं: हे मला नंतर बदलता येईल का? या किमतीच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेले असतात. पंखे आणि हीट पाइप बॉडीच्या मापाने बसवलेले असतात. स्क्रीन बदलता येते, पण खर्च बघून हात मागे येतो. रॅम आणि एसएसडी मात्र बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये चार स्क्रू काढून वाढवता येतात. म्हणजे आज जो पैसा आहे तो कार्ड, कूलिंग आणि स्क्रीनवर घालायचा आणि बाकीच्या गोष्टींशी थोडं जुळवून घ्यायचं. काउंटरवर नेमकं उलटं विकलं जातं: आय७ आहे, १ टीबी आहे, कीबोर्डमध्ये चार रंगांचे दिवे आहेत.

पुढचं सगळं साधारण ५५ ते ८० हजारांचं बजेट धरून लिहिलंय. इंजिनीअरिंगला प्रवेश घेतलेल्या पोराला घरून जेवढे मिळतात तेवढं.

आधी एक नावडता प्रश्न

लॅपटॉप रोज कॉलेजला न्यायचाय का? हॉस्टेलवर राहणार आहात का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त चांगला बसतो. कार्डाला पूर्ण वीज मिळते, तीन वर्षांनी फक्त कार्ड बदलता येतं आणि धूळही घरच्या घरी साफ करता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या असेंब्लीच्या दुकानात एक कोटेशन काढून बघा. मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएसची किंमत त्यात धरायला विसरू नका, कारण लोडशेडिंगच्या गावात यूपीएसशिवाय डेस्कटॉप चालवणं म्हणजे रोजची डोकेदुखी.

लॅपटॉपच हवा असेल तर वजनाची तयारी ठेवा. या किमतीतले गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोचे असतात आणि चार्जर अर्धा-पाऊण किलोचा. लोकलच्या गर्दीत किंवा एसटीत उभं राहून हे ओझं पाठीवर घ्यायचं असेल, तर दुकानात लॅपटॉप चार्जरसकट बॅगेत घालून पाच मिनिटं फिरून बघा.

पायरी १ : गेमची यादी कागदावर लिहा

‘सगळे गेम चालले पाहिजेत’ ही यादी नव्हे. पुढच्या दोन वर्षांत खरंच जे खेळणार आहात ते पाच-सहा गेम लिहा. त्यांचे साधारण तीन गट पडतात.

पहिला गट व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट, जीटीए ५ यांचा. हे गेम कार्डावर फारसा भार टाकत नाहीत. ४ जीबीचं आरटीएक्स ३०५० इथे पुरून उरतं. व्हॅलोरंटचा भार तर कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त असतो. इतकंच खेळत असाल तर ४०५०साठी ताणून पैसे घालू नका. उरलेल्या पैशांत चांगली स्क्रीन असलेलं मॉडेल घ्या, रोज त्याचा आनंद मिळेल.

याच गटातली मंडळी कॉलेजच्या कामाला प्राधान्य देत असतील, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉपही विचारात घेता येतो. एएमडी कंपनीच्या रायझेन ८८४५एचएससारख्या प्रोसेसरमध्ये रेडिऑन ७८०एम हे अंगभूत ग्राफिक्स येतं. त्यावर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ व्यवस्थित चालतात. लॅपटॉप हलका असतो आणि बॅटरी लेक्चरभर टिकते. अट एकच, रॅम दोन चॅनेलमध्ये (म्हणजे दोन वाटांनी वाचली जाणारी, सहसा दोन स्टिकची) हवी, कारण अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच काम भागवतं.

दुसऱ्या गटात रेड डेड रिडेम्प्शन २, सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, फोर्झा होरायझन ५ वगैरे. फुल एचडीवर मध्यम ते हाय सेटिंगला हे नीट खेळायचे तर किमान ६ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, धरा. आपल्या बजेटची खरी लढाई याच गटासाठी असते.

तिसरा गट अगदी नव्या मोठ्या गेमचा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधला डूम : द डार्क एजेस, दोघांच्याही किमान गरजेतच रे ट्रेसिंग (प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याचं तंत्र) करणारं, ८ जीबी व्हीरॅमचं कार्ड लिहिलेलं आहे. किमान म्हणजे सुरुवातच तिथून. सत्तर हजारांत हा गट हक्काने खेळता येईल असं कुणी सांगत असेल, तर त्याला लॅपटॉप विकायचा आहे.

आणि हो, ‘जीटीए ६ चालेल का?’ रॉकस्टारने तो गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर केला. जो गेम पीसीवर आलेलाच नाही त्याच्यासाठी आज लॅपटॉप निवडता येत नाही.

पायरी २ : ग्राफिक्स कार्ड. नाव, व्हीरॅम आणि वॅट

इथे घाई करू नका. या तीन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं.

नावापासून सुरुवात करू. या बजेटमध्ये एनव्हिडियाची चार-पाच नावं परत परत दिसतात.

आरटीएक्स २०५० सगळ्यात खालचं. नाव जुन्या २० मालिकेचं असलं, तरी चिप ३० मालिकेतली आहे. पण मेमरीचा बस (डेटा ये-जा करण्याचा रस्ता) फक्त ६४ बिटचा आणि व्हीरॅम ४ जीबी. पहिल्या गटापुरतं ठीक. तरीही ३०५०चा लॅपटॉप तीन-चार हजार जास्त देऊन मिळत असेल, तर २०५०कडे वळूनही पाहू नका.

आरटीएक्स ३०५० दोन प्रकारांत येतं आणि इथेच गल्लत होते. २०२१चं ४ जीबीचं आणि नंतर आलेलं ६ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबीच्या लॅपटॉप कार्डात २५६० कोअर आहेत, ४ जीबीच्यात २०४८. जाहिरातीत नुसतं ‘आरटीएक्स ३०५०’ लिहिलेलं असतं, जीबी बारीक अक्षरात. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आरटीएक्स ४०५० जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. ६ जीबी व्हीरॅम. ३०५०पेक्षा ठळकपणे वेगवान, शिवाय एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ या तंत्रातलं फ्रेम जनरेशन फक्त याच मालिकेपासून मिळतं. या फ्रेम जनरेशनबद्दल थोडा सावधपणा हवा. दोन खऱ्या फ्रेममध्ये एक बनावट फ्रेम घुसवून आकडा फुगवला जातो. मूळ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) पन्नास-साठ असेल तर ते छान दिसतं, पण मूळ पंचवीस-तीसच असेल तर आकडा वाढतो आणि माऊस चिखलात रुतल्यासारखा वाटतो. कंपनीच्या तक्त्यात ‘डीएलएसएस चालू’ असं लिहिलेल्या एफपीएसची तुलना दुसऱ्या कार्डाच्या साध्या एफपीएसशी करू नका.

आरटीएक्स ५०५० हे २०२५ मधलं. याला ८ जीबी व्हीरॅम आहे. ४०५० आणि ५०५०च्या लॅपटॉपमध्ये किमतीचा फरक थोडाच उरला असेल, तर बाकी काही न बघता ५०५० घ्यावं असं माझं मत आहे, कारण कुठला गेम अडेल हे येत्या काळात बऱ्याचदा व्हीरॅमवर ठरणार आहे. ४०६० आणि त्यापुढची कार्डं बहुतेक वेळा या बजेटच्या बाहेर. मोठ्या सेलमध्ये जवळ येतात तेव्हा बघावं.

आता वॅट. लॅपटॉपमधल्या एकाच नावाच्या कार्डाला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाने ४०५०ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मुभा दिलेली आहे. पूर्वी कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ लागायचं, त्यावरून निदान अंदाज यायचा. ३० मालिकेपासून ती ओळख गेली. आता पातळ, देखण्या बॉडीत ४५ वॅटचं ४०५० आणि जाडजूड बॉडीत शंभरच्या पुढचं ४०५० एकाच नावाने विकलं जातं. पातळ गेमिंग लॅपटॉप स्वस्तात दिसला की आधी हाच संशय घ्यायचा.

हा आकडा दुकानाच्या वेबसाइटवर सहसा नसतो. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पीडीएफ उघडा आणि ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ शोधा. तिथेही नसेल तर यूट्यूबवर त्याच मॉडेलचा रिव्ह्यू बघा. गेम चालू असताना कोपऱ्यात जीपीयूचे, म्हणजे कार्डाचे, वॅट दिसत असतात. तिसरी खूण चार्जर. ४०५०च्या लॅपटॉपबरोबर १२० वॅटचाच चार्जर येत असेल, तर कार्डाला पोटभर वीज मिळत नसणार हे उघड आहे.

जास्त वॅट म्हणजे कायम जास्त चांगलं, असंही समजू नका. ४०५०ला ९०-१०० वॅटच्या पुढे फारसा फायदा होत नाही. त्यामुळे ९५ आणि ११५ वॅटच्या दोन मॉडेलांत पाच हजारांचा फरक असेल तर ते पाच हजार वाचवा. ४५ आणि ९५ मधला फरक मात्र गेममध्ये स्पष्ट दिसतो.

किमतींचं बोलायचं तर २०२४-२५च्या सेलमध्ये ३०५०चे लॅपटॉप साधारण ५५ ते ६५ हजारांत आणि ४०५०चे ७० ते ८० हजारांत दिसत होते. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आणि लॅपटॉपचे भाव वर सरकू लागले, त्यामुळे हे आकडे पाठ करू नका. त्याऐवजी त्या दिवशीचा दोन मॉडेलांमधला फरक बघा. दुसऱ्या गटाचे गेम खेळणाऱ्याने ३०५० ते ४०५० ही उडी आठ-दहा हजारांत मिळत असेल तर मारावी. पंधराच्या वर गेली तर ६ जीबीचं ३०५० घेऊन समाधान मानावं.

घरी पटवायला एक खरा मुद्दाही आहे. मशीन लर्निंगचे बरेचसे प्रोजेक्ट आणि ब्लेंडरचं रेंडरिंग एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर चालतं. तिसऱ्या वर्षात हे कार्ड खरंच कामाला येतं.

पायरी ३ : प्रोसेसरवर जास्त जीव टाकू नका

आय५-१२४५०एच, आय५-१३४२०एच, रायझेन ५ ७५३५एचएस. या पातळीचा कुठलाही प्रोसेसर ३०५० किंवा ४०५०ला पुरतो. त्याच कार्डाबरोबर आय७ घेण्यासाठी आठ-दहा हजार मोजले तर गेममध्ये त्याचा मोबदला क्वचितच दिसतो. तेच पैसे कार्डावर गेले तर दिसतो.

मधली अक्षरं मात्र वाचा. इंटेलचा ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ आणि एएमडीचा ‘एच’ किंवा ‘एचएस’ चालेल. ‘यू’ असेल तर तो कमी विजेवर चालणारा ऑफिसचा प्रोसेसर, त्याच्या शेजारी आरटीएक्सचं स्टिकर असलं तरी टाळा. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली खरी पिढी सांगतो: ७५३५एचएसमधला ३ म्हणजे झेन ३च्या घराण्यातला, ७६४०एचएसमधला ४ म्हणजे झेन ४. इंटेलनेही नावं बदलली आहेत. ‘कोअर ५ २१०एच’ हे नवंकोरं वाटतं, आत मात्र १३व्या पिढीचीच रचना आहे. वाईट नाही, पण नव्याच्या भावात घेऊ नका.

एक नाव लक्षात ठेवा: रायझेन ७ ७४३५एचएस. आठ कोअर, किंमत आकर्षक, गेमिंगला झकास. पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. नोट्स लिहितानाही मोठं कार्ड जागंच राहतं आणि बॅटरी लवकर संपते. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर खुशाल घ्या, दिवसभर लायब्ररीत बसणार असाल तर नको.

पायरी ४ : स्क्रीन

कंपन्या सगळ्यात जास्त बचत इथे करतात, कारण जाहिरातीत ‘१४४ हर्ट्झ फुल एचडी आयपीएस’ एवढं लिहिलं की गिऱ्हाईक खूश होतं. त्यापुढच्या दोन गोष्टी बघा. ब्राइटनेस किती निट्स (उजेडाचं एकक), आणि रंग किती टक्के (एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापांत).

स्वस्त पॅनेल २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससीचं असतं. खिडकीजवळ बसलं की त्यात स्वतःचा चेहरा दिसतो, आणि लाल रंग विटकरी वाटतो. ३०० निट्स आणि १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं असेल तर ती स्क्रीन उत्तम. ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तरी साधारण तेच. फोटोशॉप किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने ४५ टक्केवाल्याच्या वाट्याला जाऊच नये. फक्त गेम खेळणाऱ्याला नाइलाजाने चालेल, पण माहीत असून घ्यावं.

यातली मोठी अडचण म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्क्रीन येतात. लेनोवो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, असूस टफ, एसर नायट्रो ही घराण्यांची नावं आहेत. एका घराण्यात बरीच भावंडं असतात आणि स्क्रीन, वॅट, रॅम प्रत्येकाची वेगळी. रिव्ह्यू ‘एलओक्यू’चा बघितला आणि घरी आला दुसराच एलओक्यू, असं सर्रास होतं. म्हणून निवड पक्की करताना लांबलचक पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि बॉक्सवरच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळवा.

जमलं तर मक्स स्विच आहे का तेही बघा. तो असला की कार्डातून निघालेलं चित्र अंगभूत ग्राफिक्सला वळसा घालून थेट स्क्रीनवर जातं आणि एफपीएस वाढतात. नसेल तर अडून बसू नका.

पायरी ५ : रॅम आणि एसएसडी, आणि बदललेलं गणित

अनेक वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की ८ जीबीचा घ्या, दिवाळीत आणखी एक स्टिक टाका. तो सल्ला आता आंधळेपणाने देता येत नाही. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी तोंड तिकडे वळवलंय. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशिअल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुटी रॅम महाग असताना ८ आणि १६ जीबीच्या मॉडेलमधला फरक एका ८ जीबी स्टिकच्या आजच्या किमतीपेक्षा कमी असेल, तर आताच १६ जीबी घ्या. विकत घेण्याच्या दिवशीच हा भाव तपासा.

१६ जीबीपेक्षा कमीवर २०२०नंतरचे मोठे गेम अडखळतात, हे पक्कं धरा. ३२ची गरज नाही.

१६ जीबी कशी दिलीय तेही महत्त्वाचं. ८ अधिक ८ असेल तर ड्युअल चॅनेल मिळतो आणि व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फरक जाणवतो. १६ची एकच स्टिक असेल तर आज थोडं नुकसान, पण दुसरा स्लॉट मोकळा. मी ८ अधिक ८ पसंत करतो. दोन्ही स्लॉट खरंच आहेत ना, की अर्धी रॅम सोल्डर केलेली आहे, हे विचारा. आणि डीडीआर४ की डीडीआर५ ते लिहून ठेवा. एकाच्या जागी दुसरी बसत नाही.

एसएसडी ५१२ जीबी पुरते, पण कष्टाने. विंडोजला त्यातले साधारण ४७६च दिसतात, त्यात विंडोजची जागा वजा. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटा १५० जीबी मागतो, बाल्डर्स गेट ३सुद्धा तेवढीच. म्हणजे मोठे दोन गेम, एखादा छोटा आणि कॉलेजची सॉफ्टवेअर, एवढ्यावर गाडी भरते. म्हणून लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवण्याची जागा) आहे ना ते पाहा. तो असेल तर १ टीबीच्या मॉडेलसाठी आज जास्त पैसे देऊ नका.

पायरी ६ : उन्हाळा आणि वीज

परदेशी रिव्ह्यूमध्ये खोलीचं तापमान वीस-बावीस अंश धरलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, जिथे बाहेर पंचेचाळीस असतं, तोच लॅपटॉप वेगळा वागतो. गरम झाला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तुम्हाला वाटतं गेम खराब आहे. त्यामुळे दोन पंखे, मागे आणि बाजूला मोठ्या जाळ्या, थोडी जाड बॉडी, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने देखणेपणाच्या वर ठेवावं. गादीवर ठेवून खेळू नये. मागची बाजू इंचभर उचलणारा साधा स्टँडही बऱ्यापैकी काम करतो.

बॅटरीवर गेम खेळायची कल्पना सोडून द्या. चार्जर काढला की कार्डाचा वेग मुद्दाम खाली आणला जातो. वीज जात असेल तर घरच्या इन्व्हर्टरवर चार्जर चालतो का ते बघा. गेम चालू असताना दीड-दोनशे वॅट सहज लागतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर बरा, स्क्वेअर वेव्हवर काही चार्जर गुणगुणतात. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर लॅपटॉपला दोष देण्याआधी प्लगचं अर्थिंग तपासा. जुन्या हॉस्टेलमध्ये आणि दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर हे नेहमीचं आहे.

पायरी ७ : कधी आणि कुठून

घाई नसेल तर दसरा-दिवाळीच्या आधीचे सेल, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या आसपासचे सेल पाहावेत. जून-जुलैत कॉलेजच्या ऑफर असतात आणि काही कंपन्या स्वतःच्या साइटवर विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ओळखीवर वेगळा भाव देतात. तोही तपासा. ‘४० टक्के सूट’ ही एमआरपीवरची असते आणि त्या एमआरपीला कुणीच विकत नसतं. अॅमेझॉनवरच्या जुन्या किमती ‘कीपा’वर दिसतात. आजचा भाव खरंच खालचा आहे का, ते तिथे लगेच कळतं.

सेलचा भाव बहुतेक वेळा विशिष्ट बँकेच्या कार्डासकट लिहिलेला असतो. ते कार्ड आपल्याकडे नसेल तर आपला भाव वेगळा. मावशीचं किंवा मित्राचं कार्ड वापरायचं तर आधी बोलून ठेवा, रात्री बारा वाजता सेल सुरू झाल्यावर ओटीपीसाठी फोन करू नका.

‘नो कॉस्ट ईएमआय’ फुकट नसतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली, तेव्हापासून व्याज असतंच. तेवढी सूट आधी दाखवली जाते, इतकंच. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. रक्कम फार मोठी नसते, पण रोखीने घेतल्यावर दुकानदार वेगळी सूट देणार असेल तर दोन्हींची बेरीज करून बघा.

दुकानाचा भाव ऑनलाइनपेक्षा हजार-दोन हजार जास्त असला तरी मी कधी कधी दुकानच सुचवतो. स्क्रीन डोळ्यांनी बघता येते आणि खराब निघाला तर समोर माणूस असतो. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून मात्र घेऊ नका, वॉरंटीचा सगळा व्यवहार बिलावर असतो. ‘विंडोज नाही, म्हणून स्वस्त’ हेही तपासून घ्या. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, म्हणजे विंडोजचा खर्च पुढे येणारच.

वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का, हे रत्नागिरी किंवा गडचिरोलीत राहणाऱ्याने कार्डाइतकंच महत्त्वाचं मानावं. माणूस घरी येतो की लॅपटॉप घेऊन जावं लागतं, तेही विचारा. हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलासाठी चहा सांडण्यापासून संरक्षण देणारं अपघाती नुकसानीचं कव्हर घेण्यासारखं आहे. ते कंपनीचंच असावं, दुकानदाराने खपवलेलं तिसऱ्याच कुणाचं नको.

बजेट पन्नासच्या खाली असेल तर जुना लॅपटॉप बघावा लागतो. घेताना मूळ बिल मागा, सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटी किती उरलीय ते पाहा आणि समोर बसून अर्धा तास गेम चालवा. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात. बिजागरीजवळ तडा असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

पायरी ८ : घरी आल्यावरचे पहिले दिवस

सगळं बजेट लॅपटॉपमध्ये संपवू नका. चार-पाच हजार माऊस, हेडफोन आणि स्टँडला ठेवा. ट्रॅकपॅडवर व्हॅलोरंट खेळता येत नाही.

बॉक्स उघडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपना पैसे परत मिळत नाहीत, सात-दहा दिवसांत फक्त बदलून मिळतो, म्हणून तपासणी त्याच आठवड्यात उरकायची. पूर्ण काळी आणि पूर्ण पांढरी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल बघा. सगळे पोर्ट, कॅमेरा, वायफाय, प्रत्येक की तपासा. मग विंडोज आणि ड्रायव्हरचे अपडेट टाकून तासभर जड गेम चालवा आणि एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने तापमान, वॅट आणि एफपीएस स्क्रीनवर आणा. कार्डाचे वॅट कंपनीने लिहिलेल्या आकड्याजवळ पोचतात का ते इथे कळतं. न पोचल्यास आधी परफॉर्मन्स मोड चालू आहे का ते पाहा. प्रोसेसर नव्वदीत गेला म्हणून घाबरू नका, गेमिंग लॅपटॉपमध्ये ते चालतं. पण कार्ड मिनिटा-दोन मिनिटांत तापून एफपीएस अर्ध्यावर येत असतील तर लगेच तक्रार नोंदवा.

लॅपटॉप बराच वेळ चार्जरलाच राहणार असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय चालू करा. बरोबर ऑफिस आलं असेल तर ते आपल्याच खात्यावर सक्रिय करा, दुकानातल्या माणसाच्या नव्हे. वॉरंटीची सुरुवातीची तारीख कंपनीच्या साइटवर बघा. कधी कधी ती बिलाच्या कितीतरी आधीची निघते आणि बिल पाठवून दुरुस्त करून घ्यावी लागते. बिलाचं पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. अकराव्या महिन्यात पंखा घरघरायला लागला तर सर्व्हिस सेंटर सगळ्यात आधी तेच मागेल.